16.4 किलो-ओहमचा जेबी आणि 1 रुपयाचा रेझिस्टर

गाडी बघायला गेलेला माणूस जसा आधी ‘किती देते?’ विचारतो, तसा पिकअप (इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसणारा, त्यांची कंपनं विजेत बदलणारा भाग) घ्यायला आलेला गिटारवाला ‘किती के?’ विचारतो. के म्हणजे किलो-ओहम, पिकअपच्या कॉइलचा रेझिस्टन्स. 6 के म्हणजे नाजूक, 8 म्हणजे मध्यम आणि 16 म्हणजे आग, असा सरळ हिशेब. मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स शिकवते. त्याला आता वीस वर्षं होतील. तरी दुकानात उभी राहिल्यावर मीही हाच प्रश्न विचारला, हे आधीच कबूल करून टाकते.

उत्तर आलं, ‘16.4, मॅडम.’ घेतला.

वस्तू म्हणजे सेमूर डंकन कंपनीचा एसएच-4, ज्याला सगळे जेबी म्हणतात. ब्रिजच्या (तारा खालच्या टोकाला जिथं टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला बसवायचा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आत अल्निको 5 चुंबक. पैसे गेले दहा हजारांच्या आसपास, म्हणजे माझ्या सेकंडहँड, गिब्सन कंपनीच्या लेस पॉल मॉडेलच्या धाटणीच्या गिटारच्या किमतीच्या निम्मे. घरी ही तुलना मी कोणाला सांगितलेली नाही. घेण्याचं कारण साधं होतं. आमचा कॉलेजातल्या सहकाऱ्यांचा ग्रुप आहे, शनिवारी वाजवतो, गणपतीत दोन-तीन सोसायट्यांचे कार्यक्रम करतो. दोन कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड यांच्या गदारोळात माझं लीड बुडून जायचं. जेबीची ख्याती अशी की तो बुडत नाही.

ती ख्याती जुनी आहे. 1970च्या दशकात सेमूर डंकन लंडनमध्ये काम करत असताना त्यांनी ब्रिटिश गिटारवादक जेफ बेक यांच्यासाठी एका टेलिकास्टर गिटारमध्ये गिब्सनचे जुने हंबकर पुन्हा गुंडाळून बसवले. ती गिटार ‘टेली-गिब’ म्हणून ओळखली जाते आणि जेबीचं मूळ तिथं आहे. डंकन यांची स्वतःची कंपनी 1976 साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराला सुरू झाली. म्हणजे मी विकत घेतलेलं डिझाइन जवळपास माझ्याच वयाचं.

आता बसवण्याची कथा. मे महिना, पुण्यात दुपारी 34 अंश. खोक्यातून काढल्याबरोबर मीटर लावला तर 17.3 के. ग्रुपमधला बेसवाला खूश, ‘तुला हॉट पीस लागला!’ हॉट पीस वगैरे काही नव्हतं, हॉट पुणं होतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. 20 अंशांवरचे 16.4 हे 34 अंशांवर 17.3 होणारच. एसी लावलेल्या लॅबमध्ये 24 अंशांवर तोच पिकअप 16.7 दाखवत होता. ‘माझा 8.4 चा आणि तुझा 8.1 चा’ अशा गप्पा मारणाऱ्यांनी निदान महिना कोणता तेवढं सांगत जावं.

सोल्डरिंग मला येतं, पण त्या आठवड्यात परीक्षा होत्या, म्हणून एका कारागिराकडे गिटार दिली. परत आली तेव्हा आवाज पातळ, वर 50 हर्ट्झची गुरगुर. हंबकर गुरगुरतो म्हणजे हंबकर या नावालाच काही अर्थ उरत नाही. दोन कॉइल एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या, त्यांच्याखालची चुंबकाचे ध्रुवही उलट. तारेचा सूर दोघींत मिळून बेरीज होतो आणि घरातल्या विजेची गुरगुर वजा होते, एवढ्यासाठी तर ती रचना. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये ते मिळालं.

गिटारच्या जॅकवर मीटर लावला. 8.5 के. निम्मे! मग मागचं झाकण उघडलं. जेबीमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी तार येते. डंकनच्या पद्धतीत काळी म्हणजे हॉट (सूर बाहेर नेणारी), हिरवी उघड्या तारेसकट अर्थिंगला, आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप मारायची. डिमार्झिओ या दुसऱ्या पिकअप कंपनीच्या पद्धतीत लाल हॉट, हिरवी अर्थिंगला, आणि काळी-पांढरी जोडायची. कारागिराने दुसरी पद्धत पहिल्याच्या पिकअपला लावली होती. परिणाम असा की एका कॉइलची दोन्ही टोकं एकमेकींना जोडली जाऊन ती जागच्या जागी शॉर्ट झाली आणि दुसरी एकटी वाजत राहिली. दहा मिनिटांचं काम, पण नवीन पिकअप लावून घेणाऱ्या प्रत्येकाने हे तपासावं. ‘के’ हा आकडा खरा उपयोगी पडतो तो इथं: वायर तुटली का, कॉइल शॉर्ट आहे का, जोडणी उलटी झाली का. डॉक्टर ताप बघतात तसा.

जोडणी नीट केली आणि वाजवलं. गुरगुर गेली, जोर आला. आवाज भरदार. पहिली पंधरा मिनिटं मी हवेत होते. मग बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, ‘अगं, ते काय लावलंयस? दाताला लागतंय.’

बाबा 74 वर्षांचे आहेत आणि तरुणपणी ऑर्केस्ट्रात हवाइयन गिटार वाजवायचे. त्यांना हंबकर, अल्निको वगैरेशी देणंघेणं नाही. पण जगातली पहिली व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी इलेक्ट्रिक गिटार 1930च्या दशकाच्या सुरुवातीची, जॉर्ज बीचम यांची ‘फ्राइंग पॅन’, ही हवाइयनच होती, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. तेव्हा या विषयात ज्येष्ठत्व त्यांच्याकडे जातं. त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जुना पिकअप आणि जेबी दोन्ही पिशवीत घालून लॅबमध्ये नेले.

एलसीआर मीटर 120 हर्ट्झवर ठेवून मोजलं. गिटारबरोबर आलेला जुना पिकअप: रेझिस्टन्स 8.2 के, इंडक्टन्स (कॉइल बदलत्या करंटला किती अडवते त्याचं माप, एकक हेन्री) 4.6 हेन्री. जेबी: इंडक्टन्स 8.4 हेन्री. एका मुलाने उत्साहाने मीटर 10 किलोहर्ट्झवर नेला आणि ओरडला, ‘मॅडम, इंडक्टन्स मायनस आलं!’ सगळे हसले. पण त्या मायनसमध्येच या परीक्षणाचं सगळं सार आहे.

पिकअप म्हणजे नुसती कॉइल नव्हे. केसापेक्षाही बारीक तारेचे हजारो वेढे एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आणि शेजारी-शेजारी बसलेल्या तारा म्हणजे छोटासा कंडेन्सर. जेबीमध्ये तो साधारण 100 पिकोफॅरडचा (पिकोफॅरड म्हणजे कंडेन्सरच्या क्षमतेचं छोटं एकक). कॉइल आणि कंडेन्सर एकत्र आले की त्यांची एक लाडकी फ्रीक्वेन्सी ठरते. तिच्याखाली कॉइल कॉइलसारखी वागते, तिच्यावर गेलात की कंडेन्सरसारखी, म्हणून मीटरला मायनस दिसलं. 8.4 हेन्री आणि 100 पिकोफॅरड यांची लाडकी फ्रीक्वेन्सी येते 5.5 किलोहर्ट्झ, आणि कंपनी जेबीचं ‘रेझोनंट पीक’ म्हणून नेमकं तेच छापते. आकडा चोख आहे, फक्त तो उघड्या पिकअपचा आहे. कोणीही उघडा पिकअप वाजवत नाही.

बाबांच्या पिढीला हे चटकन कळतं, कारण त्यांनी रेडिओ उघडून पाहिलेत. बटण फिरवलं की गँग कंडेन्सरची क्षमता बदलते, कॉइल तीच राहते, आणि स्टेशन बदलतं. गिटारमधला गँग कंडेन्सर म्हणजे तुमची केबल. आत एक तार, भोवती जाळी, मध्ये प्लॅस्टिक: मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड. माझी घरची 3 मीटरची केबल मोजली तर 320 निघाली, स्टेजवरची 6 मीटरची 640. हे सगळं पिकअपच्या कंडेन्सरमध्ये मिळवा. जेबीचं शिखर, म्हणजे तेच रेझोनंट पीक, 5.5 वरून घरच्या केबलवर 2.7 किलोहर्ट्झला उतरतं आणि स्टेजच्या केबलवर 2 किलोहर्ट्झला. जुन्या पिकअपचं शिखर त्याच घरच्या केबलवर 3.6 ला होतं.

म्हणजे ऐकायला काय? शिखराखालचे सूर जसेच्या तसे येतात, शिखरावरचे फुगून येतात आणि त्यापुढचे झपाट्याने कोसळतात, दर सप्तकाला 12 डेसिबलने. माणसाचा कान 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट असतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याचाही मोठा भाग तिथलाच. जेबी नेमका तिथं ओरडतो आणि त्याच्या वरची चकाकी कापून टाकतो. दोन कीबोर्डांमधून तो वर येतो तो याच गुणामुळे. बाबांच्या दाताला लागला तोही याच गुणामुळे. आणि 6 मीटरच्या केबलवर तो मला नाकात बोलल्यासारखा वाटायचा, सर्दी झालेल्या निवेदकासारखा.

इथं पुन्हा ‘के’चा मुद्दा काढते, कारण मला तो मजेशीर वाटला. 8.2 आणि 16.4, बरोब्बर दुप्पट. मग कॉइल दुप्पट आहे का? इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. 4.6 चे 8.4 झाले म्हणजे, चुंबक आणि लोखंडाची मांडणी सारखी धरली तर, वेढे सुमारे 35 टक्केच जास्त. मग उरलेला रेझिस्टन्स आला कुठून? बारीक तारेतून. तार जितकी बारीक तितका रेझिस्टन्स जास्त, आणि जेबीत नेहमीच्या 42 गेजपेक्षा बारीक तार आहे, नाहीतर तेवढे वेढे त्या बॉबिनवर मावलेच नसते. कोणत्याही मोटार रिवाइंडिंगवाल्याला विचारा, तो आधी गेज आणि टर्न विचारेल, ओहम शेवटी. आपण गिटारवाले तेवढे उलटे.

(स्ट्रॅटोकास्टर गिटारची सिंगल कॉइल साधारण 6 के आणि अडीच हेन्रीच्या आत-बाहेर असते. तिचा तो काचेसारखा आवाज त्या कमी हेन्रीतून येतो. तिच्या 6 के ला कोणी ‘अशक्त’ म्हटलं की मला राग येतो.)

आता परीक्षणाचा महत्त्वाचा भाग: हा पिकअप परत करायचा की ठेवायचा? परत घेणार नव्हतेच कोणी, सोल्डर लागलेला माल. शिखराची जागा ठरते हेन्री आणि पिकोफॅरडने, पण शिखराची उंची ठरते त्याच्यावर किती भार टाकलाय त्यावर. गिटारमधला व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) पूर्ण उघडा असला तरी त्याचा रेझिस्टन्स पिकअपला आडवा जोडलेला राहतोच. टोनचा पॉटही. अँपची इनपुटही, ती सहसा 1 मेगा-ओहमची. रीत अशी की हंबकरला 500 के चे पॉट आणि सिंगल कॉइलला 250 के चे. पॉटचे ओहम कमी केले की शिखर बसकं होतं, पण बाकी आवाज जागचा हलत नाही.

माझ्या गिटारमधला ‘500 के’ चा व्हॉल्यूम पॉट सोडवून मोजला: 412. टोनचा 480. स्वस्त पॉटला 20 टक्के इकडे-तिकडे चालतं, छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे दोन्ही आणि अँप मिळून पिकअपवर भार पडत होता साधारण 180 के चा. नवा 250 के चा पॉट आणायला बुधवार पेठेत गेले, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत. तिथं लॉग टेपरचा (व्हॉल्यूमच्या नॉबला लागतो त्या जातीचा) 250 के मिळाला नाही, 220 मिळाला पण त्याचा दांडा माझ्या नॉबमध्ये बसेना. तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला की नवा पॉट कशाला, आहे त्याच पॉटच्या दोन टोकांवर एक रेझिस्टर आडवा टाकला की झालं. 470 के, पाव वॉट. दुकानदार म्हणाले, ‘एकच? एक रुपया द्या. दहा घेतलेत तर पाच.’ दहा घेतले.

412 ला 470 आडवा म्हणजे 220. एकूण भार 180 वरून 130 के वर आला. कागदावर हिशेब केला तर शिखर सुमारे अडीच डेसिबल खाली यायला हवं होतं. अडीच डेसिबल म्हणजे फार काही नाही असं वाटतं. वाजवून बघा. ओरडणं गेलं आणि बोलणं राहिलं. जेबीचा जो मधला भरीव आवाज आहे, ज्यासाठी दहा हजार मोजले, तो पहिल्यांदा नीट ऐकू आला. पिकअप पुन्हा विकायची जाहिरात मी अर्धी लिहिली होती, ती खोडली. जेबीला 250 के चा पॉट लावा, हा सल्ला जुने गिटारवाले वर्षानुवर्षं देत आलेत. मी ते ऐकलं होतं, पण ‘हंबकरला 500’ हे पाठ असल्यामुळे कानाआड केलं. वर्गात मुलांना जे करू नका म्हणते, तेच.

एक इशारा: हा उपाय सगळ्या पिकअपना चालत नाही. मूळचाच बद्द वाजणारा, जास्त हेन्रीचा पिकअप असेल आणि त्यावर तुम्ही आणखी भार टाकलात, तर उरलीसुरली धारही जाईल. तिथं उलट केबल आखूड करून बघा. 6 मीटरच्या जागी 3 मीटर, हा पिकअप बदलण्यापेक्षा स्वस्त आणि कित्येकदा जास्त परिणाम करणारा बदल आहे. ज्यांच्या गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप आहेत, त्यांना मात्र केबलची ही चिंता नाही, कारण तिथं प्रीअँप पिकअपच्याच पोटात असतो आणि केबलचा कंडेन्सर कॉइलपर्यंत पोचतच नाही.

चार वायरींचा आणखी एक फायदा मी उठवला. पुल-पुश स्विच बसवून दोन कॉइल सिरीजऐवजी पॅरलल जोडता येतील असं केलं. बहुतेक लोक कॉइल स्प्लिट करतात, म्हणजे एक कॉइल बंद. पण मग गुरगुर परत येते, आणि मांडवातल्या लाइटिंगच्या डिमरशेजारी उभं राहून ती सहन करणं मला जमत नाही. पॅरललमध्ये दोन्ही कॉइल चालू, गुरगुर नाही. इंडक्टन्स चौथाईवर, म्हणजे 2.1 हेन्री, शिखर घरच्या केबलवर बरंच वर. जोर जवळपास निम्मा होतो, आवाज एकदम मोकळा, खणखणीत, जुन्या हिंदी गाण्यांच्या ऱ्हिदमला अगदी हवा तसा. या अवस्थेत जॅकवर मीटर दाखवतो 4.1 के. ‘किती के?’ विचारणाऱ्या बेसवाल्याला मी हा आवाज ऐकवला, त्याने मान डोलावली, मग आकडा सांगितला. तो आता मला तो प्रश्न विचारत नाही.

मग हा पिकअप घ्यावा का? ज्यांना गर्दीतून वर येणारं लीड हवंय, अँपमध्ये थोडा गेन लावून वाजवायचंय, त्यांनी जरूर. त्याचं पोट भरलेलं आहे आणि नोट लांबवली की ती गायला लागते. जॅझसारखं स्वच्छ, उघडं वाजवणाऱ्यांनी सिरीजमधल्या जेबीकडून फार अपेक्षा ठेवू नये. साध्या 4-5 हेन्रीच्या पिकअपमध्ये त्यांना जास्त समाधान मिळेल. आणि ज्यांच्याकडे आधीच अल्निको 5 चा बरा हंबकर आहे, त्यांनी आधी केबल मोजावी, पॉट मोजावे, मगच पाकीट उघडावं. दुकानात ‘किती के’च्या जोडीला ‘किती हेन्री’ विचारून बघा. माझ्या खोक्यावर तरी हेन्री कुठं लिहिलेले नव्हते, आणि मी विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मला सायकलच्या दुकानात पेट्रोल मागितल्यासारखं पाहिलं.

बाबांना गेल्या आठवड्यात पुन्हा ऐकवलं, 3 मीटरची केबल, रेझिस्टर लावलेला, अँप तोच. संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘हं. आता दात जागेवर आहेत.’ आणि मला हवाइयन गिटारची वाळलेली केबल काढून दिली, तीही मोजून ठेव म्हणाले. ती 5 मीटरची आहे आणि मीटरवर 900 पिकोफॅरड दाखवते. त्यांचा तो गोड, मऊ आवाज बोटांचा होता की केबलचा, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.